गोदामातला सिनेमा

घरात कुणी टीव्हीवर सिनेमा लावला की मी उठते. स्वयंपाकघरात जाते, नसलेली कामं काढते, घासलेली भांडी पुन्हा घासते. माझी सून शेजारणीला सांगते, "आमच्या आईंना करमणुकीचं वावडं आहे, शाळेत हेडबाई होत्या ना." म्हणू दे. हेडबाई होते म्हणून काही मी जन्मतःच आंबट तोंडाची नव्हते. एके काळी आमच्या वस्तीत सिनेमाचं माझ्याएवढं वेड कुणालाच नव्हतं. ते कसं सुटलं हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. आता तो नाही, बाबा नाहीत, माय नाही. ज्यांना वाईट वाटायचं ते सगळे गेले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आमची वस्ती बालाघाटपासून तीन मैलांवर, राईस मिलच्या मागच्या अंगाला होती. मातीची घरं, छपरावर कवेलू, म्हणजे कौलं, आणि दिवसभर मिलचा भुसा उडून कवेलूंवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भातावर, सगळ्यांवर बसायचा. बाबा त्या मिलमध्ये हमाल होते. पोत्यात खुपसायची लोखंडी आकडी त्यांच्या खांद्यावर असायची, आणि ती आकडी खुंटीला लागली म्हणजे बाबा घरी आले. सुखदेव त्यांचं नाव. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्या दिवशी त्यांनी घरातले देव टोपलीत भरले आणि वैनगंगेत सोडून आले. माय आठ दिवस रडली, मग तीही दर रविवारी पांढरं पातळ नेसून वंदनेला बसू लागली. वंदना बाबा सांगायचे. आवाज मोठा नव्हता, पण वस्तीतली चाळीस-पन्नास माणसं त्या आवाजामागून म्हणायची. कुणाचं भांडण असो, कुणाच्या पोरीची सोयरीक असो, "सुखदेवले इचारा" हे ठरलेलं. माय दिवसभर सुपात तेंदूपत्ता घेऊन बिड्या वळायची. मी मोठी, बारा वर्षांची. माझ्या पाठचा राजू तीन वर्षांचा, तो कायम माझ्या कडेवर.

भातकापणी झाली की बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू यायचा. बालाघाटात पक्की टॉकीज होती, पण तिथवर कोण नेणार? आम्हाला तंबूच. सूर्य कलला की भोंग्यावर गाणी सुरू व्हायची, आणि मायच्या बोटांचा वेग वाढायचा. आता तंबूत बसायची पद्धत सांगते, कारण माझी नातवंडं ती ऐकून हसली होती, आणि मी त्यांच्यावर ओरडले होते. पडदा तंबूच्या टोकाला नसायचा, मधोमध असायचा. त्याच्या पुढच्या अंगाला खुर्च्या, बाकं, सतरंजी. ती सीधी बाजू. पडद्याच्या मागे उरलेल्या जागेत आम्ही. ती उलटी बाजू. पाटी कुठे लावलेली नव्हती. आमच्यापैकी कुणाला कुणी "तिकडे जा" असं म्हटल्याचंही मला आठवत नाही. म्हणावं लागतच नव्हतं. आमचे पाय आपोआप तंबूला वळसा घालून मागे जायचे, वीज करणाऱ्या इंजिनाच्या धडधडीशेजारी, आणि आम्ही जमिनीवर पोतं अंथरून खूश होऊन बसायचो. कापड पातळ असतं, चित्र मागूनही दिसतं. फक्त उलटं दिसतं.

अक्षरं उलटी दिसतात हे कुणालाही कळेल. सुरुवातीला नावं यायची, ती मी उलट्या बाजूनं धडाधड वाचायचे. वस्तीतल्या बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या, "सुली, वाच व, काय लिव्हलं?" आणि मी वाचायचे. सुलोचना म्हणजे वस्तीतलं सगळ्यात हुशार पोर, असं सगळेच म्हणायचे आणि मी ते खरं मानायचे. पण अक्षरं उलटी आहेत तर माणसंही उलटीच दिसत असणार, हे काही माझ्या हुशार डोक्यात आलं नाही. सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं पत्र लिहितात, डाव्या हातानं कुंकू लावतात, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. मोठे लोक! मुंबईचे लोक! त्यांचं सगळंच न्यारं असणार. वस्तीतली पोरं सिनेमा-सिनेमा खेळायची तेव्हा हिरो झालेला पोरगा डाव्या हातानं खोटा भात खायचा, आणि चुकून उजवा हात तोंडाकडे गेला की बाकीची पोरं त्याला बाद करायची. हसू येतं ना? मला येत नाही.

त्या वर्षी पुसात, म्हणजे पौषात, एक नवा सिनेमा आला. नाव सांगत नाही. शुक्रवारी आम्ही पाहिला. एका विधवेचा मुलगा शहरात शिकायला जातो, साहेब होतो, आणि परत येतो तो आईला ओळख दाखवायला लाजतो. इंजिनाच्या आवाजात अर्धं बोलणं कळलं नाही, तरी आमच्याकडच्या बायका हुंदके देऊन रडल्या. मी रडले नाही. मला एकच गोष्ट खात होती. त्या आईचं तोंड पडद्यावर जवळून यायचं तेव्हा पडद्याच्या पुढून लोकांचा "अरेरे" ऐकू यायचा, आणि आमच्या बाजूला तिचं तोंड धुरकट, पांढुरकं, डोळे कुठे आहेत तेही नीट कळत नव्हतं. पुढून कसं दिसत असेल? माझ्या वर्गातली निर्मला पुढून पाहायची. पोस्टबाबूची मुलगी. शाळेत ती मला नटीच्या साडीचे काठ, कानातल्या कुड्या, गालावरचा तीळ असं सगळं सांगायची. मी तिला म्हणायचे, "हौ, मी पाह्यला ना तीळ." मला तीळ कधीच दिसला नव्हता. एकदा, फक्त एकदाच, सीध्या बाजूनं बघायचं, एवढी एक हाव मला लागली होती.

शनिवारी पहाटे वारं सुटलं. पुसातल्या पाण्याला आमच्याकडे लोक घाबरतात, लाखोळीच्या पिकाचा फुलोरा झडतो. पण त्या दिवशी पाण्याच्या आधी गारा आल्या, कवेलू फुटले, माय आणि मी घरभर भांडी मांडत पळत होतो. मायचा तेंदूपत्ता ओला झाला, सूप बाजूला पडलं. उजाडल्यावर बातमी आली की तंबूचे बांबू मोडले आणि कापड उडून पार लाखोळीच्या शेतात जाऊन पडलं. पाणी थांबायचं नाव घेईना. आणि तंबूच्या मॅनेजरचे प्राण कंठाशी आलेले, कारण सिनेमाच्या रिळांची पेटी सोमवारच्या कटंगीच्या बसनं पुढे तुमसरला जायची होती, आणि रविवारचे दोन खेळ बुडाले तर त्याची धडगत नव्हती. तो रायपूरकडचा माणूस, केसांना तेल चोपडलेलं, हिंदी बोलायचा. त्यानं मिलच्या सेठला गळ घातली. मिलचं मोठं गोदाम, दारं लावली की भरदुपारी आत काळोख. तिथं खेळ करू. पण गोदामात धानाची पोती थप्प्या लावून भरलेली. ती उचलून बाहेरच्या उघड्या छपरीत ताडपत्रीखाली न्यायची, आणि खेळ झाला की परत आत आणायची, म्हणजे हमाल पाहिजेत. आणि वर धो धो पाणी. मुनीम वस्तीत आला आणि बाबांशी बोलला.

बाबा रात्री परतले तेव्हा त्यांचे खांदे सोलून निघाले होते, तरी चेहरा असा की मायनं आधी तेच विचारलं, "काय झालं जी, हासून काहून राह्यले?" बाबांनी आकडी खुंटीला लावली, पाटावर बसले आणि म्हणाले, "उद्या सारी वस्ती सिनेमाले चालली. फुकट. अन् समोरून." माय म्हणाली, "समोरून?" बाबा म्हणाले, "हौ. गोदामात पडदा भिंतीले ठोकला. मांगं जागाच नाही. म्या मुनीमले साफ सांगतलं, आमी पोते काढतो, पन आमच्या बायापोरं बाकीच्याईसंगं समोर बसतीन. मुनीम हौ म्हने." ते माझ्याकडे बघून हसले. "सुले, आता सीधं वाचजो." मी त्या रात्री जेवले नाही. माय चुलीपुढे बसून लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती, उद्या फडक्यात बांधून न्यायला. बाहेर पाणी, आत तेलाचा चरचराट, आणि शेजारच्या डोमाकाकाच्या घरातून हसण्याचे आवाज. सगळ्या वस्तीला जणू दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. वंदनेचं ठेवणीतलं पांढरं पातळ मायनं अंथरुणाखाली दाबून इस्तरी केलं.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, दुसरं काय! रविवारी दुपारी आम्ही पाण्यापासून आडोसा म्हणून रिकामी पोती डोक्यावर घेऊन चिखलातून गोदामापाशी पोचलो, चाळीसेक जण, त्यात निम्मी पोरं. दारात मॅनेजर उभा. "रुको, रुको. पहले टिकटवाले बैठेंगे." ठीक. आम्ही पत्र्याच्या वळचणीला उभे राहिलो. गावातली माणसं छत्र्या मिटत मिटत आत गेली. दुकानदार आले, त्यांच्या बायका आल्या, पटवारी आला. शेवटी मॅनेजर म्हणाला, "जगह नहीं है. तुम लोग दूसरा शो देख लेना." बाबांनी दारातून आत पाहिलं. पुढे सतरंजीवर निम्मी जागा मोकळी होती. आम्हाला सगळ्यांनाच ती दिसत होती. बाबा म्हणाले, "साहेब, जागा तं हाय." मॅनेजरनं आवाज खाली आणला, जणू आमच्याच भल्याचं सांगतोय. "समझा करो भाई. तुम्हारी औरतें साथ में बैठेंगी तो ये लोग उठकर चले जाएंगे. दूसरे शो में भीड़ कम रहती है, पीछे दीवार के पास खड़े हो जाना."

माझ्या बाबांना चिडलेलं मी फार कमी पाहिलं आहे. ते चिडले की हळू बोलायचे. त्यांनी मुनीमला बोलावून घेतलं आणि त्याला सांगितलं, "मुनीमजी, शब्द तुमचा होता. आता माहा आयका. बसले तं आमचे सारे बसतीन, समोर. नाही तं एकही बसनार नाही. अन् मंग एकही पोतं आत येनार नाही." मुनीमानं छपरीकडे पाहिलं. ताडपत्रीच्या कडेनं पाणी आत शिरायला लागलं होतं, खालच्या थरातली पोती काळी पडत होती. धान भिजलं की सेठ कुणाची गय करत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. "मैं सेठजी से पूछकर आता हूं," म्हणून तो छत्री घेऊन पळाला. बाबा वस्तीकडे वळले. "कोनी हालू नका. घंटाभर पानी अंगावर घ्या. आपन साखर नाही, इरघळत नाही." बायका हसल्या. डोमाकाकाच्या पोराला ताप होता, तो त्यानं घोंगड्यात गुंडाळून छातीशी धरलेला, पण तोही म्हणाला, "सुखदेवभाऊ, तू म्हनशीन तसं." गोदामाचं दार अजून उघडंच होतं. आतून भोंग्यातलं गाणं सुरू झालं.

आणि तेवढ्यात निर्मला आली. उशीर झालेला, आईचा पदर धरून पळत पळत, गुलाबी रिबिनी ओल्या. तिची आई लठ्ठ, कडेवर दीड वर्षाचा मुलगा, तो रडतोय, छत्री सांभाळता येईना. निर्मलानं मला पाहिलं आणि माझं मनगट धरलं. "सुलोचना, चल ना गं! सुरू झालं!" मी म्हटलं, "आमी मंग येतो." तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग रडणाऱ्या पोराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हिला घे गं बरोबर, बाळाला तरी धरेल." मी मागे वळून पाहिलं. बाबा दुसऱ्या टोकाला छपरीपाशी उभे होते, पाठमोरे. माय ताडपत्रीचा एक कोपरा धरून दोन म्हाताऱ्यांना आडोसा करत होती. राजू माझ्या कडेवर होता. मी त्याला खाली उतरवलं, चिखलात, आणि पोस्टबाबूचं पोर कडेवर घेतलं. हे वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली. दारात मॅनेजरनं विचारलं, "ये कौन?" निर्मलाची आई म्हणाली, "हमारी कामवाली लड़की है." मी पोराला सावरून आत शिरले. आमच्यामागे दार लागलं.

पहिल्या घटकाभरात काय वाटलं ते खोटं कशाला सांगू? स्वर्ग वाटला! पडदा लखलखीत, नावं सुलटी, वाचावीच लागत नव्हती, डोळ्यांत आपोआप शिरत होती. त्या आईचं तोंड असं समोर आलं की तिच्या पापण्या मोजाव्यात. गालावर तीळ होता, खरंच होता. बोलणं शब्द न् शब्द ऐकू येत होतं. मांडीवरचं पोर झोपलं होतं. वर पत्र्यावर पाणी बडवत होतं, त्याच पाण्यात माझी माणसं उभी होती, आणि मी त्यांना विसरले होते. साफ विसरले होते. मग तो प्रसंग आला, ज्याला शुक्रवारी आमच्या बायका रडल्या होत्या. मुलगा शहरातून येतो, आई त्याला ताट वाढते. मी डोळे ताणून बघत होते. त्यानं हात पुढे केला आणि भाताचा घास उचलला, उजव्या हातानं. मला वाटलं काही तरी बिघडलं. दार उजवीकडे होतं ते डावीकडे, चूल डावीकडे होती ती उजवीकडे. बारा वर्षांचं हुशार पोर, वस्तीला सिनेमा वाचून दाखवणारं! मी पोराला छातीशी धरून ताडकन उठून उभी राहिले आणि ओरडले, "थांबा! उलटा लागला! ह्यायनं सिनेमा उलटा लावला! तो तं डाव्या हातानं जेवते!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग खुर्च्यांमधून एक माणूस म्हणाला, "अरे, ये तो पीछेवाली है!" आणि गोदाम फुटल्यासारखं हसलं. तसं हसू मी नंतर कधी ऐकलं नाही. हेडबाई म्हणून पंचवीस वर्षांत माझ्या शाळेत मी कुठल्याही मुलाच्या चुकीवर वर्गाला हसू दिलं नाही. मुलं मला खडूस म्हणायची, आणि म्हणोत. विजेरीचा झोत माझ्या तोंडावर आला. निर्मलाच्या आईच्या शेजारची बाई मांडी सावरून बाजूला सरकली. मॅनेजरनं विचारलं, "ये आपकी लड़की है ना, बाई?" निर्मलाच्या आईनं दचकून रडायला लागलेलं पोर माझ्या हातातून ओढून घेतलं. "मला काय ठाऊक! दारात उभी होती, बाळाला घे म्हटलं. मला कुणी सांगितलं का कोण आहे ते?" निर्मला खाली बघत रिबीन पिळत होती. मॅनेजरनं माझा दंड धरला आणि ओढत दारापर्यंत नेलं.

दार उघडलं. त्या उजेडात जे दिसलं ते मला अजून तसंच्या तसं दिसतं. मुनीम परत आला होता. त्याच्या छत्रीवरून पाणी गळत होतं आणि तो बाबांना सांगत होता, "सेठजी मान गए. औरतें-बच्चे सामने बैठेंगे, सब के साथ. कोई उठकर जाए तो जाए. बस, बाद में बोरे फौरन अंदर." माय राजूला कडेवर घेऊन उभी होती, त्याचे पाय चिखलानं भरलेले. बायका पातळं सावरत होत्या. डोमाकाका पोराच्या तोंडावरचं घोंगडं बाजूला करून त्याला काही तरी सांगत होता. जिंकलो होतो हो आम्ही! सगळं झालं होतं. आणि मॅनेजरनं मला पुढे ढकललं. "मुनीमजी, ये देखिए. ये पहले से अंदर घुसी बैठी है. पीछेवालों की है."

मुनीमाचा चेहरा बदलला. तो बाबांना म्हणाला, "सुखदेव, तू तो बोला था, सब बैठेंगे या कोई नहीं. तो ये किसकी है?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "मालूम नहीं, मुनीमजी. आमच्यातली नोहे."

मी मायकडे पाहिलं. मायनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली पाहू लागली. डोमाकाका, त्याची बायको, त्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना मी दर सिनेमाला नावं वाचून दाखवायचे, सगळे गप्प. चाळीस माणसांत एकानंही माझं नाव घेतलं नाही. राजूचं तोंड मायनं आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं. मुनीम कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत होता. आत निर्मलाच्या आईनं मला झटकलं होतं, आणि आता बाहेर माझा बापच म्हणत होता, आमच्यातली नाही. मी धावले, चिखलात पडले, उठले, आणि बाबांच्या पायांना मिठी मारून ओरडले, "बाबा! बाबा, मी सुली हावो ना! तुमाले मी दिसत नाही का?"

पुढचं फार नाही. मॅनेजर टाळी वाजवून हसला, "वाह! नेताजी की बिटिया अंदर, और बाकी के बच्चे पानी में!" मुनीमानं छत्री मिटली, पुन्हा उघडली. "तूने मेरे मुंह पर झूठ बोला, सुखदेव. अब मैं सेठ को क्या बोलूं? जिसको पीछे खड़ा रहना है वो खड़ा रहे. बाकी घर जाओ." बाबांचा हात माझ्या डोक्यावर आला नाही आणि त्यांनी मला ढकललंही नाही. सगळ्यात आधी डोमाकाका हलला. "भाऊ, माह्या लेकराले ताप हाय. तो पान्यात, अन् तुही पोरगी आत?" एवढंच बोलला आणि पोराला घेऊन आत गेला, मागे, भिंतीपाशी. मग दुसरा गेला. काही जण आत गेले, काही घरी. संध्याकाळी सगळ्यांनी पोती उचलली. बाबांनी एकही पोतं उचललं नाही. शब्द दिला होता ना! सोमवारी मुनीमानं त्यांना मिलच्या फाटकातूनच परत पाठवलं. तिथून पुढे बाबा खदानीत जाऊ लागले, पहाटे चालत, अंधारात परत. त्या धुळीनं त्यांची छाती गेली. पुढच्या रविवारी वंदना सांगायला कुणी बाबांना बोलवायला आलं नाही. डोमाकाकाच्या अंगणात दुसऱ्यानंच सांगितली, आणि बाबा शेवटच्या ओळीत बसून म्हणाले. घरात मला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. मायनं ते वड्यांचं फडकं सोडलं आणि सगळे वडे दारातल्या गाईपुढे टाकले. एखादी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी शिकले, मास्तरीण झाले, बाबांना बालाघाटात माझ्याकडे आणलं. बोलायचे कमी, खोकायचे जास्त. एकदा दुपारी ते ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते, मीही समोर बसले होते, आणि कुठून बळ आलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुमी मले आपली नोहे काहून म्हटलं?" त्यांनी शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाले, "मले वाटलं, तुले समजन. तू तं हुशार होती."

मी उठून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. राग आला मला. अहो, बारा वर्षांच्या पोरीला कसं समजणार? बापानं ही माझी नाही म्हटल्यावर गप्प उभं राहणारं एक तरी लेकरू मला दाखवा! राजूच्या तीन वर्षांच्या जिवालाही मायनं तोंड दाबूनच गप्प ठेवलं होतं, माझं तोंड कोण दाबणार होतं? हे सगळं मी त्यांना सांगायला पाहिजे होतं, आणि सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा मी पुन्हा त्या दारात जाते. मॅनेजर मला पुढे ढकलतो, मुनीम विचारतो, आणि बाबा म्हणतात, आमच्यातली नोहे. मी ओठ घट्ट मिटून पावसात उभी राहते. मग माझ्या शेजारून आमच्या वस्तीची पोरं एकेक करून आत जातात आणि समोरच्या सतरंजीवर जाऊन बसतात.